मधला थर

आमच्या लोणी काळभोरात तिला वाकळच म्हणतात. पुण्यात गेली की तिची गोधडी होते, आणि कंपनीतल्या टेबलावर मांडली की आणखी काहीबाही होते. ललिता लग्न होऊन धायरीला गेली, पण हात लोणीचाच राहिला. तिची आई बायडाबाई साऱ्या आळीच्या वाकळा शिवायची. म्हातारीचा दंडक एकच: "वरचं फाटकं चालंल. मधलं खोटं चालायचं न्हाई. ऊब मधलंच देतंय."

२००६-०७च्या सुमारास खराडीला काचेच्या इमारती उठल्या, आणि तिथल्या पोरापोरींना लॅपटॉपला घालायला प्लास्टिक नको झालं. ललितानं डोकं चालवलं. जुन्या सुती लुगड्यांचे तीन थर, त्यावर धावदोरा, आणि रंग डाळिंबाच्या सालीचा, तुरटी घालून उकळलेला. कापड हळदीच्या अंगानं पिवळं निघायचं. एका कंपनीत कार्यक्रम ठरवणाऱ्या पूर्णिमा मॅडमनी ते कव्हर उलटसुलट बघितलं. म्हणाल्या, "पर्यावरण सप्ताहाला दोनशे द्या. संपूर्ण सुती, असा बोर्डच लावते."

ललिता हो म्हणाली आणि लुगडी मागायला गावात आली. तर लुगडी कुठायत? बायका सगळ्या पॉलिस्टरवर गेलेल्या. पटकन वाळतं, इस्त्री लागत नाही. शहराला सुती पाहिजे झालं, तोवर गावानं ते सोडलं होतं. वरच्या-खालच्या थरांना कापड पुरलं, मधल्या थराला जेमतेम निम्म्यांपुरतंच उरलं. मग ललितानं बाकीच्यांच्या मधे पॉलिस्टरची साडी कापून घातली. सालीचा रंग पॉलिस्टरला चढत नाही, पण मधलं कोण बघतंय?

आईला तिनं हे सांगितलं नाही. आणि मॅडमनी सप्ताहात शिवून दाखवायला बायडाबाईलाच बोलावलं, तेव्हा नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

कंपनीत बायडाबाई खुर्ची नको म्हणून खाली फरशीवर बसली. भोवती गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली मंडळी. तिनं हाताला लागलं ते अर्धं शिवलेलं कव्हर उचललं आणि सुई घातली. सुती कापडात सुई मुकाट जाते. ही करकरली. म्हातारी थांबली. चिमटीत धरून मधला थर चोळला, लेकीकडं एकदा बघितलं, आणि पुढचा टाका घातला.

"आजी, सगळं कॉटनच ना?" एका पोरीनं विचारलं.

"लेक म्हंती तर आसंल, बाय."

मंडळी कौतुकानं हसली. तोंड उघडायची तीच वेळ होती, ललितानं उघडलं नाही. कव्हरं खपेपर्यंत त्याच बोर्डाखाली उभी राहिली.

बसमध्ये बायडाबाई खिडकीकडं तोंड करून बसली. हडपसरला उतरताना एवढंच म्हणाली, "मला तिथं कशाला न्हेलंस गं?"

दुसऱ्या दिवशी ललिता कंपनीत गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. पूर्णिमा मॅडमनी ऐकून घेतलं. "मग बोर्डावर काय लिहायला हवं होतं? वरून निसर्ग, मधे प्लास्टिक?" तरी त्यांनी सगळ्यांना मेल टाकली: काही कव्हरांत पॉलिस्टर आहे, नको असेल त्यांनी बदलून घ्यावं.

आठवडाभर ललिता खाली फाटकापाशी पिशवी घेऊन बसली. नऊ कव्हरं परत आली. बाकीच्यांनी जाता-येता सांगितलं, चालतंय की, दिसतंय छान.

शिव्या खायच्या तयारीनं ती बसली होती. 'चालतंय' ऐकायची तयारी नव्हती. प्रत्येक वेळी मान खालीच जायची.

आता ती हातमागाचं कोरं सुती आणते. दुकानातच एक तार काढून जाळून बघते. राख झाली तर घ्यायचं, वितळून गोळी झाली तर ठाण परत. दुकानदार वैतागतात.

बायडाबाई अजून शिवायला बसते. पण लेकीनं पुढं केलेलं कव्हर आधी चिमटीत धरते, मधला थर चोळते, मगच सुई घालते. समोर गिऱ्हाईक असो, नसो. तेवढा वेळ ललिता सुई ओवत बसते. ओवलेली असली तरी.