मशीनने मोजलेला सहावा स्पीकर

मी रसायनीत एका केमिकल प्लांटवर ऑपरेटर आहे. अठ्ठावीस वर्षं झाली. आमच्या कामात एकच देव — गेज. कुणाला वास आल्यासारखा वाटला, कुणाला भास झाला, ते लॉगबुकात जात नाही... आकडा जातो. त्यामुळे चकवा, झपाटणं, अमावास्या या गोष्टी गावात कुणी काढल्या की मी चहा संपवून उठायचो. आजही मला कुणी विचारलं, भूत मानतोस का, तर मी नाहीच म्हणेन. अडचण एवढीच आहे की या वेळी आकडा दाखवला तो मशीनने.

आमचं घर चौक आणि खालापूर या गावांच्या मधे, हमरस्त्यापासून थोडं आत आहे. गावाचं नाव देत नाही. दिलं तर रविवारी लोक बघायला येतील आणि चहा आमच्या सुषमाला — माझ्या बायकोला — करावा लागेल. हॉल सोळा बाय अकराचा. याच हॉलमध्ये मी जे केलं ते आधी सांगतो. ते न सांगता पुढचं सांगणं खोटेपणा होईल.

माझे वडील बाळाराम, बरोबरीच्यांचे बाळ्या. तरुणपणी ते कबड्डी खेळायचे, पंचक्रोशीत नाव होतं. म्हातारपणी त्यांना कमी ऐकू यायला लागलं. मशीन कानात घालायला तयार नाहीत, मग टीव्हीचा आवाज वाढवायचे. कबड्डीची मॅच असली की त्यांचे जुने सोबती गणूकाका आणि आणखी दोघंतिघं जमायचे, आणि मग तो टीव्ही परवडला असा यांचा आरडाओरडा. मी नाइट शिफ्ट करून दुपारी झोपलेला. एकदा असाच उठून बाहेर आलो आणि त्या सगळ्यांसमोर वडिलांना नको ते बोललो. ते लिहवत नाही. दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात गेलेले असताना मी टीव्ही मागून उघडला आणि स्पीकरच्या दोन्ही वायरी कटरने तोडल्या. संध्याकाळी सांगितलं, "बाबा, स्पीकर जळला. पार्ट मिळत नाही आता."

त्यांनी मान डोलावली. पुढची दोन-अडीच वर्षं खिडकीखालच्या खुर्चीत बसून ते मुका टीव्ही बघत राहिले. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "पार्टच मिळत नाय, पोरगा तरी काय करील?" सोबती यायचे बंद झाले. पाच वर्षांपूर्वी बाबा गेले, तेव्हापासून आईनेही त्या हॉलमध्ये बसणं सोडलं. ती आपली मागच्या खोलीत नाहीतर ओट्यावर. आणि मी... मी कुणालाच काही सांगितलं नाही. सुषमालाही नाही.

गेल्या वर्षी मी होम थिएटर घ्यायचं काढलं. लोकांना सांगितलं की हौस आहे. खरं असं होतं की त्या हॉलमध्ये परत आवाज यावा आणि आईने येऊन बसावं. आणि जमलंच तर एकदा तिला खरं सांगावं. ते धाडस मात्र कुठल्या दुकानात मिळत नव्हतं.

काम सुभाषने केलं. तो माझ्याच वयाचा, कर्जतकडच्या बंगल्यांमधून प्रोजेक्टर बसवत फिरतो. हात सोन्याचा, तोंड बंद नाही. रविवारी सकाळी त्याने छताला प्रोजेक्टर टांगला, भिंतीवर पडदा ताणला, पुढे तीन, मागे दोन असे पाच स्पीकर आणि कोपऱ्यात वूफर ठेवला, आणि सगळ्यांच्या वायरी एका मशीनला, म्हणजे अॅम्प्लिफायरला, जोडल्या. शेवटचं काम मोजणीचं. एक छोटा माइक तिपाईवर लावून सोफ्यापाशी, बसलेल्या माणसाच्या कानाइतक्या उंचीवर ठेवायचा. मग मशीन एकेका स्पीकरला आवाज सोडतं, माइक तो ऐकतो, आणि कुठला स्पीकर किती फुटांवर आहे हे मशीन स्वतःच ठरवतं. स्पीकर नसेल तिथे 'नाही' लिहून मोकळं.

"आता श्वास पण हळू घ्यायचा दादा," सुभाष पंखा बंद करत म्हणाला. "मागच्या महिन्यात एका बंगल्यात मालकाचा कुत्रा भुंकला. मशीनने कुत्र्यालाच स्पीकर धरला. चौदा फुटांवर!"

"फेकू नको."

"आईशप्पथ! मालक म्हणाला, त्याचा आवाज कमी करता येतो का बघ."

टुंईं... टुंईं... एकेक करून आवाज झाले. पडद्यावर यादी आली. पुढचे तीन, मागचे दोन, वूफर, सगळे बरोबर. आणि खाली एक ओळ जास्तीची. मागचा मधला: आहे. अंतर अडीच फूट. आवाज: अधिक बारा.

"मागचा मधला?" सुभाषने डोकं खाजवलं. "तो आपण घेतलाच कुठे?"

मशीनच्या पाठीमागे बघितलं. त्या स्पीकरची वायर जोडायच्या खुंट्यांवर कंपनीची प्लास्टिकची टोपणं तशीच होती. परत मोजणी केली. अडीच फूट. मशीन बंद करून, दहा मिनिटं थांबून तिसऱ्यांदा केली. अडीच फूट.

प्लांटवर आम्हाला शिकवलेलं आहे, गेजचा संशय आला तर आधी गेजची जागा बदला. मी माइक उचलून दारापाशी नेला. आता तो जास्तीचा स्पीकर नऊ फुटांवर दाखवला. पडद्याखाली नेला, तर अकरा. चूक असती तर आकडा कसाही उडाला असता. हा आकडा शहाण्यासारखा बदलत होता.

"म्हणजे तो जाग्यावरच हाय आणि आपण फिरतोय," सुभाष म्हणाला. आता त्याचा आवाज जरा बारीक झाला होता. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसलो, माइकच्या तिन्ही जागांवरून, शाळेत कंपासने काढतो तशा, तेवढ्या-तेवढ्या लांबीच्या सुतळीने फरशीवर तीन कमानी फिरवल्या. तिन्ही जिथे एकमेकींना कापत होत्या तिथे सुभाषने काळ्या टेपची फुली मारली. सोफ्याच्या उजव्या हाताला, खिडकीखाली. तिथे फरशीवर खुर्चीच्या पायांनी घासलेल्या खुणा होत्या.

"आणि हे अधिक बारा म्हणजे काय?" मी विचारलं.

"ती वरची हद्द. जो कोण हाय तो एवढा हळू बोलतोय, की मशीनने त्याला फुल्ल सोडलाय."

तेवढ्यात आई आतून आली. "काय रं, मघापासनं पिपाण्या वाजवताय! माझी डाळ करपली तुमच्या नादात." मग तिला फुली दिसली. "ही कशाला हिथं? हिथं तर त्यांची खुर्ची असायची."

माझा धीर सुटला. बावन्न वर्षांचा माणूस मी, सुतळी हातात धरून फरशीवर बसलो होतो, तसाच बोलत सुटलो. वायरी, कटर, पार्ट मिळत नाही... सगळं. सुभाष म्हणाला, "मी शिडी घेऊन येतो," आणि बाहेर गेला. शिडी आमच्या शेजारीच उभी होती.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यात एक टपली हाणली. हलकी नव्हती.

"गाढवा. मला वाटलं खरंच जळला."

"बाबांना कळलं होतं का गं?"

"त्यांना काय कळणार? ते तुझा शब्द खाली पडू द्यायचे नायत." ती सोफ्याच्या कडेला टेकली. चार वर्षांत पहिल्यांदा. "ऐक आता. टीव्ही मुका झाला तसे ते मला मॅच सांगायला लागले. तू ड्युटीला गेलास की. ह्याने चढाई केली, त्याने पाय धरला, हा मूर्ख हाय, ह्याला माघारी बोलवा... पन्नासेक वर्षांच्या संसारात मला 'जेवायला वाढ' सोडून काय सांगितलं नव्हतं त्यांनी. त्या दोन वर्षांत बोलून बोलून डोकं उठवलं माझं. कबड्डी मला कोणी शिकवली मग?"

मी रडत होतो आणि ती हसत होती. हसता हसता थांबली.

"पण त्यांचे सोबती तुटले, ते पाप तुझंच. ते मी नाय वाटून घेणार. जा, गणूभावजींना घेऊन ये."

मी तसाच मोटरसायकल काढून गेलो. गणूकाकांनी ओसरीवरूनच विचारलं, "काय रं, आज आवाज चालतो का तुमच्या घरात?" मी कान पकडले. म्हातारा तेवढं बघून मागच्या सीटवर बसला.

दुपारी चारला पडदे ओढले आणि एक जुनी अटीतटीची मॅच लावली. पहिल्या शिट्टीलाच हॉल असा दणाणला की शेजारची चार माणसं आणि त्यांची पोरं आपणहून आत आली. सुषमाने चहाचं मोठं पातेलं चढवलं. आई सोफ्याच्या उजव्या कडेला बसून पंचाला शिव्या घालत होती. ही बाई कबड्डी इतकी जाणते हे आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं! गणूकाका तिच्या शेजारी. त्यांनाही आता नीट ऐकू येत नाही, मान पुढे काढून बघत होते.

एका चढाईला खेळाडू बोनसच्या रेषेवर घुटमळला, पाय टाकून जादाचा गुण घ्यावा की नको असं करत. हॉलमध्ये क्षणभर चिडीचूप. आणि गणूकाका, पडद्यावरची नजर न काढता, खिडकीच्या बाजूला खेकसले, "दिसतोय रं बोनस, दिसतोय! मला शिकवतोस व्हय बाळ्या?"

पंचाने अंगठा वर केला. बोनस.

कुणीच ओरडलं नाही. गणूकाकांनी वळून बघितलं. खिडकीखाली टेपची फुली होती, दुसरं काही नव्हतं. "कोण बोललं आत्ता?" त्यांनी विचारलं. सुषमाने काही ऐकलं नव्हतं. मीही नाही. सुभाष तर दारात कप धरून पुतळ्यासारखा उभा. सवयीने माझी नजर मशीनकडे गेली. चालू स्पीकरसाठी त्यावर बारीक निळ्या चौकटी पेटतात. मागच्या मधल्याची चौकट पेटलेली होती.

आई तेवढी शांत होती. म्हणाली, "बरोबरच हाय की. बोनसच होता तो." आणि गणूकाकांना असं हसू फुटलं की चहा त्यांच्या सदऱ्यावर सांडला, आणि मग सगळा हॉलच हसत सुटला.

सुभाषने नंतर सगळं करून पाहिलं. सॉफ्टवेअर नवं टाकलं. मशीन कर्जतला एका बंगल्यात नेऊन जोडलं, तिथे त्याने मुकाट पाच स्पीकर मोजले. आमच्या हॉलमध्ये परत लावलं की सहा. दुसरं मशीन आणलं, त्यानेही सहा. भिंतीवरून आवाज परतत असेल म्हणून आम्ही खिडकीत गाद्या उभ्या केल्या. अडीच फूट. गणूकाकांना त्या दिवशी काय ऐकू आलं ते त्यांनाही धड सांगता येत नाही. "आवाज न्हवता रं," म्हणतात, "पण बोलला."

माझी टोचणी गेली असं मी म्हणणार नाही. आई म्हणते ते पाप माझंच आहे आणि ते माझ्याकडेच राहील. पण आता दर रविवारी आमच्या हॉलमध्ये दहा-बारा माणसं जमतात, आई खेळाडूंची अक्कल काढते, आणि नाइट करून आलेला मी त्या गदारोळात सोफ्यावरच गाढ झोपतो.

हे वाचणाऱ्यांत या धंद्यातली जाणकार मंडळी असतील. मला आणि सुभाषला काही उलगडा झालेला नाही. कारण ठाऊक असेल तर जरूर सांगा. उपाय मात्र कृपा करून सांगू नका.