जावेच्या भरवशावर सोडलेली कुत्री

माझं सासर उमापूरजवळच्या एका वाडीत आणि माहेर बीडजवळ पालीला. मधे बैलगाडीचा दीड दिवस. निजामाची अमदानी होती, पण इंग्रजी हद्द आमच्या वाडीपासून जवळच. दिवाळी आली की पाटलाच्या घरचे लोक करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका चुकवून पलीकडून शोभेच्या दारूचे बार आणत.

आमच्या कुत्रीला त्या बारांचं भारी भय. आदल्या वर्षी लक्ष्मीपूजनाला पहिला बार उडाला तशी ती कणगीमागं शिरली, ती दोन दिवस बाहेर आली नाही. भाकरी पुढं सरकवली तर हुंगलीसुद्धा नाही. नुसती थरथरत पडलेली.

ती कुत्री मी आणि माझ्या थोरल्या जावेनं मिळून वाढवलेली. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, शेतात सापडलेलं, डोळे न उघडलेलं पिल्लू जावेनंच पदरात गुंडाळून घरी आणलं होतं. दुधात बुडवलेली कापसाची वात मी त्याच्या तोंडात धरायची. लग्न होऊन सासरी आल्यावर मला पहिल्यांदा हसू आलं ते या दोघींपायी. जावेला मी आक्का म्हणत असे. आईला सांगितलं नसतं ते तिला सांगत असे.

त्या वर्षी दिवाळीला कुत्री गाभण होती. आश्विनातलं ऊन तिला सोसवेना. दुपारभर रांजणाखालच्या ओल्या मातीत पोट टेकून पडायची. मी तिच्या कानातले गोचीड वेचून काढले, करंजाचं तेल चोळलं. वसुबारसेला माझा भाऊ मला न्यायला आला, तेव्हा माहेरच्या आनंदापेक्षा मला हिचीच काळजी जास्त. गोठ्याच्या आतल्या कोपऱ्यात कडब्याचा बिछाना केला, वर पोतं अंथरलं, दाराला दुसरं पोतं लावलं. लुगड्याच्या जुन्या काठाचं मऊ दावं वळलं. मग आक्काला हाताला धरून तिथं नेलं.

"सांज व्हायच्या आत हितं बांधायची. मातीच्या परळात पाणी ठिवायचं. ताकात कुस्करलेली भाकर द्यायची, तळलेलं कायबी नको."

आक्का हसली. "लेकराला बी एवढं कुणी जपत न्हाई गं. जा तू. मी हाय न्हवं?"

मी गेले. भाऊबीज झाली, आईनं आणखी आठ दिवस ठेवून घेतलं.

परत आले तेव्हा गाडीचा आवाज ऐकून कुत्री धावत आली नाही. आक्का दारातच उभी होती. माझ्या हातातलं गाठोडं घेत म्हणाली, "बार उडाले अन् दावं तोडून गेली बघ. लई हुडकली."

तुटलेलं दावं मी मागितलं नाही. ते मला सुचलंच नाही. सुचलं एवढंच, की मऊ दावं मीच वळलं होतं. चांगलं सुताचं असतं तर तुटलं नसतं. त्याच संध्याकाळी मी शोधायला निघाले. आक्का माझ्याबरोबर आली. आम्ही ओढ्यापर्यंत गेलो, पऱ्हाटीतून फिरलो, मसणवटीच्या बाजूलाही जाऊन आलो. मी हाक मारायची, मग ती मारायची. तिचा आवाज माझ्यापेक्षा मोठा होता. असे पाच-सहा दिवस गेले. मी बांधावर बसून रडले तेव्हा तिनं आपल्या पदरानं माझं तोंड पुसलं.

संक्रांतीला आक्काचा भाऊ तिला वाण घेऊन आला. भला माणूस. जेवता जेवता माझ्याकडं बघून म्हणाला, "बाई, तुमची कुत्री लई कामाची निघाली. डुकरं ज्वारीच्या कडंला फिरकत न्हाईत. पाच पिलं झाली तिला."

भाकरी वाढता वाढता माझा हात थांबला. आक्कानं मान वर केली नाही.

तो ओसरीवर गेल्यावर मी चुलीपाशी तिच्यासमोर बसले.

"आक्का, कुत्री तुमी दिली?"

"भाऊबीजेला आलता. शेतावर डुकरं लई झाल्यात म्हनला. त्यानं कधी नव्हं ते कायतरी मागितलं. मला न्हाई म्हनवलं न्हाई."

"मला सांगायचं हुतं."

"तू न्हाई म्हनली असतीस."

"मग माझ्यासंगं हाका मारीत कशापायी फिरलात?"

तिनं चुलीतली राख सारखी केली. म्हणाली, "तू रडत हुतीस. येकलीला कशी सोडू?"

याला काय म्हणावं ते मला आजही कळलेलं नाही. कुत्री गेली याचं दुःख एकीकडं; पण ओढ्याच्या काठी ती मोठ्यानं मारत होती त्या हाका माझ्या कानातून जाईनात. ज्या पदरानं तिनं माझं तोंड पुसलं, तो मुद्दाम पुढं केला होता की मायेनं, हे कुणाला विचारणार?

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "कुत्रीपायी घरात वाकडं नको." कुत्री मला न विचारता दिली होती हे आक्काच्या भावाच्या कानावर गेलं तेव्हा मात्र तो शरमला. आठ दिवसांनी गाडीत घालून स्वतः कुत्रीला घेऊन आला. तिनं मला ओळखलं. माझे हात चाटले, पायात घोटाळली, पोटभर खाल्लं. चौथ्या दिवशी सकाळी ती नव्हती. चार कोस चालून त्याच्या शेतावर गेली, असा निरोप आला. तिथं तिची पिलं होती. मी पुन्हा मागवली नाही.

आक्काशी मी भांडले नाही. पुढं तिच्या दोन्ही बाळंतपणांत मीच तिचं केलं, एका चुलीवर आम्ही कित्येक वर्षं स्वयंपाक केला. लोक आम्हाला बहिणी समजत. पण त्यानंतर माहेरी जाताना मी माझ्या चार कोंबड्यासुद्धा शेजारणीकडं ठेवून जायची. आक्का दारात उभी राहून बघायची.