थेटराखालची विहीर

झुंबरबाईच्या नाकाच्या शेंड्यावर राग, असं अख्खं लोणावळं म्हणायचं. म्हणणाऱ्यांच्या घरात पाणी होतं, त्यांच्या बापाचं काय जात होतं!

चिंतामणरावांनी एकोणीसशे बावीसच्या सुमाराला थेटर बांधायला काढलं, ते नेमकं तिच्या आळीच्या विहिरीवर. जागा रावांनी विकत घेतली होती, पण विहीर आळीनं खणलेली. रंगमंचाखाली विहीर असली की गाणाऱ्याचा आवाज घुमतो, असं मिस्त्रीनं त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. बायका अडून बसल्या. तेव्हा रावांनी त्याच विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन शब्द दिला, "मागं दार ठेवतो. पाणी तुमचंच." हातात पाणी घेऊन कुणी खोटं बोलत नाही, असं झुंबरबाईनंच साऱ्याजणींना पटवलं. तिथंच घात झाला.

थेटर झकास उठलं. सागवानी खांब, घोड्याच्या नालासारखी गॅलरी, बायकांच्या बाजूला बांबूच्या कामट्यांचे चिकाचे पडदे. मागचं दारही झालं आणि पहिल्याच नाटकानंतर त्याला कुलूप लागलं. रहाट कुरकुरतो म्हणे, पदाचा बेरंग होतो! भर उन्हाळ्यात बायका लांबच्या ओढ्याचं गढूळ पाणी वाहायच्या आणि झुंबरबाईला बोल लावायच्या. नुसतं सांगतानासुद्धा तळपायाची आग मस्तकात जाते.

एका चैत्रात ती तिकीट काढून गॅलरीत जाऊन बसली. नायकाचं पद रंगलं, "वन्स मोअर"चा एकच गलका उठला. झुंबरबाई चिक सारून उभी राहिली.

"त्याला कशापायी वन्स मोअर? घुमतीय ती आमची हीर! रावसायेब, हातात पानी घिऊन बोलला व्हता, इसरला व्हय?"

सारं थेटर वळून रावांकडं बघायला लागलं. पुढच्या रांगेत रावांची मान खाली गेली. दुसऱ्या दिवशी कुलूप निघालं.

पुढं कितीतरी वर्षं बायकांनी तिथलं पाणी भरलं. मग बोलपट आले. पडद्यामागं कर्णे बसले, आणि कर्ण्याला विहीर लागत नाही. रावांनी जुना रंगमंच फोडला आणि राडारोडा विहिरीत लोटला.

झुंबरबाई घागर घेऊन पोचली तेव्हा मजूर वरची माती चोपत होते.

"आता तिचा काही उपयोग नव्हता, बाई," राव म्हणाले.

"तुमाला न्हवता!" ती कडाडली. "आमाला तहान लागती अजून!"