विश्राम पाडेल्याची चाल

साठ सालच्या आसपास शिरगावात नारळ पाडायचे म्हटले, की पहिली हाक विश्रामला जायची. नारळ पाडणारे पाडेली गावात आणखीही होते, पण विश्रामचं चढणं बघत राहावं असं. घोट्यांत काथ्याचा फास, कमरेला कोयता, आणि बघता बघता गडी झावळ्यांत दिसेनासा. मग वरून आरोळी यायची, "सरा रे पोरांनो, डोकी सांबाळा!" वाडीचे मालक अण्णा खाली खुर्ची टाकून बसलेले. ते ओरडत, "विश्राम, कोवळे ठेव हो!" वरून उत्तर येई, "वरचं मी बगतो अण्णा, खालचं तुमी बगा."

वर गेला की त्याला खाली यायची घाई नसे. किल्ल्याचे बुरूज, पलीकडची खाडी, समुद्रात दूरवर शिडं. सातपाटीच्या होड्या परतताना दिसल्या, की तो वरूनच ओरडून सांगे आणि वाडीतल्या बायका टोपल्या उचलून मासळीला निघत. त्याची बायको जयवंती कौतुकाने म्हणे, "आमचा मानूस म्हंजे गावाचा भोंगा हाय." हसरे दिवस होते ते. घरात फार काही नव्हतं, पण कशाची ददातही नव्हती.

दारूला मात्र विश्राम शिवत नसे. त्याचा बापही पाडेलीच होता, आणि एकदा पिऊन चढला तो माडावरून पडून गेला. तेव्हा आईने विश्रामला जवळ घेऊन शपथ घातली होती. लग्नात, शिमग्यात मित्रांनी किती आग्रह केला तरी तो हसून उठून जायचा.

एकसष्टच्या थंडीत त्याला खोकला लागला. साधाच होता, पण जाईना. त्याच सुमारास मुंबईच्या कुठल्याशा औषध कंपनीचे डॉक्टर पांढरी गाडी घेऊन आले आणि शाळेच्या ओटीवर त्यांनी बस्तान मांडलं. ताकदीची सुई फुकट, वर दुधाच्या पावडरचा डबा, अशी दवंडी फिरली. खोकलेकरी गेले, धडधाकटही गेले. डॉक्टर गोड बोलायचे, डोळ्यांत बॅटरी मारायचे, गुडघ्यावर टिचकी द्यायचे. औषध नवीन आहे, माणसाच्या अंगात ते काय करतं हेच बघायचं आहे, हे मात्र कुणी कुणाला सांगितलं नाही. विश्रामने होळीपर्यंत सुया घेतल्या. खोकला गेला. गाडीही गेली.

पुढे काही दिवसांनी कानात एकसारखं गुंगुं वाजायला लागलं. आणि एका सकाळी अण्णांच्या वाडीत, माड निम्मा चढून झाल्यावर, झाड होडीसारखं डुललं. वारा आला वाटून त्याने वर पाहिलं, तर पातं हलत नव्हतं. हलत होता तो स्वतः. त्याने खोडाला मिठी मारली आणि छाती सोलपटत खाली आला.

"काय रे, काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"काय नाय. जरा भोवळ आली."

ती भोवळ मग गेलीच नाही. सपाट रस्त्यावरही पाय फाकवून, कुंपणाला हात लावत चालायचं. वळताना तोल जायचा. महिन्याभरात गावाने आपला अर्थ लावला, "पाडेली गेला बापाच्या वाटेनं." पोरं मागून त्याची चाल करून दाखवत. अण्णांनी नारळ पाडायला दुसरा माणूस लावला आणि विश्रामला खाली पडलेल्या सुपाऱ्या वेचायचं काम दिलं. त्यांनी ते दयेपोटी केलं, पण नजरेला नजर दिली नाही.

त्या वेळी दारूबंदी होती. पालघरच्या बाजारात एकदा जमादाराने त्याला धरलं, तोंडाचा वास घेतला. वास येईना, तरी संध्याकाळपर्यंत चौकीत बसवून ठेवलं. विश्रामने तेही सोसलं. जे सोसवलं नाही ते घरी झालं. एका दुपारी तो डोळे मिटून पडला होता. जयवंती हळूच येऊन वाकली आणि तिने त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं. त्याने डोळे उघडले.

"तू पन?" तो एवढंच म्हणाला.

ती तिथेच बसली आणि पदर तोंडात धरून रडली. "चुकलं माजं," म्हणाली. "समदं गाव सांगतं, मी कितीक दिवस नाय म्हनू?" त्यानंतर मात्र तिने पुन्हा कधी शंका घेतली नाही. उलट पाणवठ्यावर कुणी बोललं, की घागर खाली ठेवून भांडायला उभी राहायची.

गाठ सुटली ती सोजराबाईंमुळे. त्या नगरकडच्या, सरकारी दवाखान्यात नर्स. एके दिवशी विश्राम कानाच्या आवाजासाठी औषध मागायला गेला. त्याच बाकावर वाणगावचा एक म्हातारा आणि जवळच्याच माहीम गावची एक बाई बसली होती. नावं पुकारली तसे तिघे उठले, आणि तिघांनीही भिंत धरली. सोजराबाई बघतच राहिल्या.

"तुम्ही तिघं नात्यातले का?"

"नाय बाई. आमी वळकत पन नाय एकमेकांना."

"मग त्या पांढऱ्या गाडीची सुई घेतली होती का कुणी?"

तिघांनी होकाराच्या माना डोलावल्या. सोजराबाईंनी हातातला ट्रे खाली ठेवला.

पुढे त्या ठाण्याला मोठ्या डॉक्टरांकडे खेटे घालत राहिल्या. वरचे लोक त्यांच्यावर चिडले, बदलीची धमकी झाली, पण बाई हटल्या नाहीत. अखेर सरकारने चौकशी लावली आणि त्रेसष्टच्या उन्हाळ्यात पालघरच्या मामलेदार कचेरीत सुनावणी झाली. सरकारी डॉक्टर होते, कंपनीचे डॉक्टरही आले होते. विश्रामला डोळे मिटून चालायला सांगितलं. दोन पावलांत तो कलंडला; शिपायाने सावरलं.

कंपनीचा डॉक्टर शांतपणे म्हणाला, "हा पिणारा माणूस आहे. या भागात सगळेच पितात. यात औषधाचा काय दोष?"

तेवढ्यात दारापाशी गर्दीत खळबळ झाली आणि शिरगावचा जिव्या पुढे आला.

"साहेब, ह्यो पीत नाय."

"तुम्ही कोण? तुम्हाला काय माहीत?" मामलेदारांनी विचारलं.

जिव्याने कोपऱ्यात उभ्या असलेल्या जमादाराकडे पाहिलं. "साहेब, गावात दारू मीच गाळतो. कोन कवा येतो, किती घेतो, मला समदं ठावं. ह्यो मानूस माज्या दारात कदी आला नाय. एक डाव मीच फुकट देत होतो, तरी नाय बोलला."

कचेरीत हशा उसळला. जमादार पुढे सरसावला, पण मामलेदारांनी हात वर केला. "मी साक्षीदाराचा धंदा विचारलेला नाही," ते म्हणाले, "आणि मला तो नीट ऐकूही आला नाही." मग ते कंपनीच्या डॉक्टरकडे वळले. "आता तुम्ही सांगा. सुई देण्यापूर्वी या लोकांना काय सांगितलं होतं?"

डॉक्टर समोरचे कागद गोळा करू लागला.

निकालाला दोन वर्षं लागली. लोकांना न सांगता, न विचारता त्यांच्या अंगावर औषध तपासलं, असं सरकारने मान्य केलं आणि भरपाई मंजूर झाली. वाणगावचा म्हातारा तोवर गेला होता. त्याच्या सुनेने अंगठा उठवला. विश्रामची पाळी आली तेव्हा मामलेदारांनी विचारलं, "आणखी काही म्हणायचंय?"

"पैसं द्या, नको म्हनत नाय," विश्राम म्हणाला. "पन साहेब, एकदा गावात येऊन सांगा."

"काय सांगू?"

"विश्राम पीत नाय, येवढंच."

"तशी काही तरतूद नाही हो नियमात," मामलेदार म्हणाले. विश्रामने नमस्कार केला आणि भिंत धरत बाहेर पडला.

पण पुढच्याच आठवड्यात मारुतीच्या देवळापुढे जीप येऊन थांबली. लोक जमले. मामलेदारांनी टोपी काढली. "विश्रामची चाल दारूने बिघडलेली नाही," ते म्हणाले. "ती सुईने बिघडली. तुमच्याच शाळेत, आमच्या डोळ्यांदेखत त्याला ती टोचली गेली. सरकारतर्फे मी त्याच्यापुढे हात जोडतो." त्यांनी खरंच हात जोडले. अण्णा उठले, विश्रामला दंडाला धरून त्यांनी आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः मागे उभे राहिले. मागून त्याची चाल करून दाखवणारी पोरं एव्हाना मिसरूड फुटलेली. ती खाली बघत होती.

भरपाईच्या पैशांतून विश्रामने बोईसरला बिऱ्हाड केलं आणि स्टेशनबाहेर शहाळ्यांची गाडी टाकली. तारापूरला वीजघराचं काम जोरात होतं. कुठले कुठले लोक उतरत, "चाचा, मलाईवाला देना" म्हणत. कोयता हातात होता, बसून करण्यासारखं काम होतं. उतरलेल्यांना तो गावाकडचं विचारी, आपलं सांगे. शिरगावचे माड, होड्या, अण्णांची वाडी सांगताना त्याचा चेहरा उजळे, आणि गिऱ्हाईक शहाळं संपलं तरी उभं राही.

दिवस मावळला की मात्र त्याला चालणं कठीण जाई. उजेड नसला की पाय जमीन विसरत. म्हणून जयवंती तिन्हीसांजेला येऊन त्याचा हात धरी. नवऱ्याचा हात धरून भर रस्त्याने चालणारी बाई त्या काळी बोईसरला कुणी पाहिली नव्हती. सुरुवातीला ती लाजून लाल व्हायची, तो हात सोडवून घ्यायचा. मग दोघांनाही सवय झाली. दुकानदार दिवे लावता लावता ओळखीचं हसत, आणि ती दोघं दिवसभराच्या गप्पा मारत सावकाश घराकडे जात.