एका स्क्रूचं झाकण

मिलिंदला शेवटचं भेटलो ते दवाखान्यात. नाकात नळी होती, बोलताना दम लागत होता. मी कॉटजवळ स्टूल ओढून बसलो, तर त्याने प्रकृतीचं काही बोलू दिलं नाही. म्हणाला, "तो राहिलेला डबा सापडला का रे?" मी म्हटलं, शोधतोय. "शोध. माझी चूक आहे त्यात." एवढंच... चार दिवसांनी सकाळी त्याच्या बायकोचा, स्वातीवहिनींचा फोन आला. आता तो डबा सापडला आहे, आणि तो जिथे सापडला त्यामुळेच मला हे लिहावं लागतं आहे.

डबा म्हणजे गिटारचं पेडल. गिटारची वायर त्यात घालायची, पायाने बटण दाबायचं, की आवाज बदलतो. बाजारात अशी पेडल पुष्कळ मिळतात, पण मिलिंद ती स्टीलच्या जेवणाच्या डब्यात बनवायचा आणि त्यात कॅल्क्युलेटर, घड्याळं यांत वापरतात त्या लॉजिक चिप टाकायचा. या चिपला फक्त दोनच गोष्टी कळतात, हो किंवा नाही. गिटारचा गोल, मऊ स्वर तिच्यात गेला की टोकदार कोपऱ्यांच्या विटेसारखा खडबडीत होऊन बाहेर येतो. पुढे मोजणारी चिप जोडली की दर दोन कंपनांतलं एकच ती पुढे जाऊ देते, आणि स्वर एक सप्तक खाली उतरतो. माझी आई नांदगावहून आली होती तेव्हा इंदिरानगरच्या त्याच्या खोलीत तिने हा आवाज ऐकला. "मिलिंदा, म्हैस कुठं बांधली रं? लय भुकेजली हाय ती," ती म्हणाली. त्या दिवसापासून त्या डब्याचं नाव म्हैस पडलं. झाकणावर त्याने ते रंगाने लिहूनही टाकलं.

आमच्या घरात दहावीपुढे कोणी गेलेलं नव्हतं. इंजिनिअरिंगला नाशिकला आलो तेव्हा वर्गातलं इंग्रजी माझ्या डोक्यावरून जायचं, आणि डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या पहिल्या परीक्षेत मी सपशेल आपटलो. तिथेच ओळख झालेल्या मिलिंदने मला पुस्तक मिटायला लावलं. तार छेडायचा आणि विचारायचा, "आता चिप काय म्हणते? हो का नाही?" मी कानाने ओळखायचो. आज अंबडच्या कारखान्यात मशीनचे कंट्रोल पॅनेल सांभाळतो, ते त्या खोलीतल्या म्हशीच्या जोरावर. हे उपकार मी त्याला कधी बोलून दाखवले नाहीत. दाखवले असते तर त्याने सोल्डरिंगची गन हातात देऊन गप्प बसवलं असतं.

आता ती चूक. चिपचे जे पाय, म्हणजे तिच्या पिना, आपण वापरत नाही, ते तसेच मोकळे सोडायचे नसतात, ठरलेल्या तारेला जोडून बांधून टाकायचे असतात. मोकळा पाय आजूबाजूचं सगळं ऐकत बसतो. सुरुवातीच्या डब्यांत मिलिंदने ते सोडले होते. ट्यूबलाइट लावली की डबा घुमायचा, कोणी हात जवळ नेला की गुरगुरायचा. कारण सापडल्यावर त्याने काय केलं असेल? ज्याला ज्याला डबा दिला होता, त्याच्या घरी स्कूटरवर गेला, झाकण उघडलं, पाय बांधले. तेव्हापासून तो झाकणाला चारऐवजी एकच स्क्रू लावायचा, आणि आतला सगळा नकाशा झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने काढून ठेवायचा. मी विचारलं तर म्हणाला, "उघडायचंच आहे ना परत? आणि मी नसलो तर दुसऱ्या कोणी उघडावं." एक डबा तेवढा राहिला. ज्याला दिला होता त्याने गाव सोडताना परस्पर विकून टाकला होता.

तो डबा शहरातल्या एका वाद्यविक्रेत्याकडे पोहोचला होता. हे गृहस्थ मिलिंदच्या शोकसभेत बोलले. "मिलिंदजी माझे धाकटे बंधू," म्हणाले, आणि पिशवीतून एक चकचकीत काळा डबा काढून फोटोसमोर ठेवला. वर मिलिंदचं नाव आणि खाली 'स्मृती आवृत्ती'. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या... वहिनींचे डोळे भरून आले. त्यांना काय माहीत? मला तरी तेव्हा कुठे माहीत होतं? मी तो काळा डबा घरी आणला, वायर जोडली, ट्यूबलाइट लावली आणि तो घुमायला लागला. मोकळे पाय. मिलिंदने दारोदार फिरून पुसलेली चूक, त्याच्याच नावाखाली. चार स्क्रू काढून पाहिलं तर आत डांबरासारखं काळं इपॉक्सी ओतलेलं, दगडासारखं घट्ट. ना चिप दिसते, ना तार.

मी दुकानात गेलो. शोकेसमध्ये मिलिंदचा तो राहिलेला डबा मांडलेला होता, एका स्क्रूची युक्ती सुचायच्या आधीचा. नक्कल करून डबे त्यांनी कधीच तयार ठेवले होते. मिलिंद गेल्यावर फक्त स्टिकर चिकटला. मी विचारलं, आत हे काय ओतलंय? ते शांतपणे म्हणाले, "काय आहे साहेब, लोक कॉपी करतात." मला हसू आलं नाही. आजही येत नाही. चोरी मी एकवेळ समजू शकतो, मिलिंदने तर हसून नकाशाच काढून दिला असता. पण माणसाची चूक त्याच्या नावासकट कायमची बंद करून टाकायची, दुरुस्तीची वाटच बुजवायची, आणि त्याला श्रद्धांजली म्हणायचं, हे मी कसं समजून घ्यावं? मी वहिनींना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. आवाज चढवला नाही. "एक तर त्यांचं नाव काढा, नाहीतर ते डांबर काढा." पलीकडून पुढच्या लॉटचं काहीतरी बोलणं आलं, तेव्हा त्यांनी फोन ठेवला. स्टिकर अजून आहे. म्हणून इथे जाहीर लिहितो: तो घुमणारा डबा मिलिंदचा नाही. मिलिंदचा डबा उघडतो.

परवा वहिनींनी म्हैस मला दिली. शोकसभेत टेबलावर नीट दिसावी म्हणून घरातल्या कोणीतरी तिला चारही स्क्रू लावले होते. मी तीन काढून वहिनींच्या हातात ठेवले. मग तार छेडली. स्वर विझत येतो तेव्हा या चिपला कळेनासं होतं, हो म्हणावं की नाही. ती अडखळते, तुटक तुटक बोलते. लोक म्हणायचे, हे अडखळणं काढून टाक. मिलिंद म्हणायचा, राहू दे, विचार करते ती. आम्ही दोघं ऐकत बसलो. हो, नाही, हो... हो... मग ती थांबली. ट्यूबलाइट चालू होती, तरी डब्यातून काहीच आवाज येत नव्हता.