मामांचे विषारी सरडे

पिंपरीपासून राजगुरुनगरपर्यंतच्या टापूत विषारी सरड्यांवरच्या टाकाऊ पुस्तकांचा सर्वांत मोठा संग्रह माझ्या बायकोच्या धाकट्या मामांकडे आहे, हे मी पैजेवर सांगतो. मामा चाकणच्या एका कारखान्यात तयार माल तपासायचे. निवृत्त झाले, तरी तपासणी सुटली नाही. पुस्तक हातात आलं की आधी शेवटची पानं उघडतात. सूची नसली, संदर्भ नसले, की त्यांचा चेहरा पडतो. मग सापसुरळीचं पान काढतात. बिचारी निरुपद्रवी, पण निम्म्या पुस्तकांनी तिला नागाच्या पंक्तीला बसवलेलं. अशा पुस्तकाला मामा कारखान्यातल्यासारखा लाल टॅग बांधतात, त्यावर दोष लिहितात आणि ते कपाटात कुलूपबंद करतात. रद्दीत का देत नाही, असं मी विचारलं, तर म्हणाले, "जावईबापू, रिजेक्ट माल बाहेर गेला की कुणीतरी तो वापरतं."

पिंपरी कॅम्पातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात तर त्यांनी विकत न घेतलेल्या पुस्तकालाही टॅग बांधला होता. "मामा, मला विकायचंय ओ ते," दुकानदार काकुळतीला आला. मेहुणीच्या लग्नात वरपक्षाकडचे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक ताट घेऊन उभे असलेले मामांना सापडले. "गिला मॉन्स्टर हा सरडा विषारी, तो मेक्सिकोकडचा, हे मला ठाऊक आहे. आपल्या घोरपडीचं काय ते खात्रीनं कुठल्या पुस्तकात मिळेल?" प्राध्यापकांची जिलेबी गार झाली, पण पुस्तकाचं नाव काही निघालं नाही. आम्ही सगळे हसलो. सर्वांत जास्त मीच हसलो, आणि त्याची मला आता लाज वाटते.

कारण परत येताना मामांनी गाडीत मला सगळं सांगितलं. कारखान्याची नवी शेड उभी राहत होती. जेसीबीनं दगडांचा ढीग हलवला आणि आतून घोरपड निघाली. कामगार काठ्या घेऊन थांबले. "साहेब, विषारी हाय का?" मामांनी लहानपणी कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं, म्हणून ते "आहे" म्हणाले. "ती आमच्याकडे येत नव्हती हो, पळून चालली होती," मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "जन्मात एकच गोष्ट मी न तपासता सांगितली."

त्यानंतर पुस्तक मीच शोधायला लागलो. गेल्या हिवाळ्यात ऑफिसातल्या एका ओळखीतून एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ मिळाला. नुसती सूचीच वीस पानांची. मामा आठ दिवस तो वाचत होते. घोरपडीच्या तोंडात विष असतं की नाही, यावर जाणत्यांचं अजून एकमत नाही. चावली तर जखम होते, पण सहसा माणसाच्या जिवावर बेतत नाही, असं त्यात होतं. मामांनी पुस्तक बगलेत मारलं आणि म्हणाले, "मला चाकणला सोडा."

कारखान्याच्या गेटवर जवळच्याच गावातले एक वयस्क वॉचमन होते. मामांनी त्यांच्यापुढे चित्राचं पान उघडलं. "भाऊ, इथं ही निघाली तर कुणाला मारू देऊ नका. हिच्यापासून जिवाला धोका नाही. मी तपासलंय."

वॉचमननं चित्र निरखून पाहिलं. "व्हय, घोरपड. आमी बारके व्हतो तवा लई असायच्या. आता एक बी न्हाई ऱ्हायली, साहेब."

मामांनी मान हलवली. शिफ्ट सुटली, माणसं आमच्या शेजारून निघून गेली, आणि मामा ते पान उघडं धरून तसेच उभे होते.