मागच्यानं हाक द्यायची असते

माझी नात डोंगरावरून सायकल खाली घालते. मजेसाठी नाही, शर्यतीत. त्याला डाउनहिल म्हणतात. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस, पण हा शब्द आता मला झोपेतही येतो.

महाप्याच्या मागं आमच्या गावचा डोंगर. लहानपणी आम्ही त्याच्यावर गुरं चारली. खाली शेतं होती तिथं कंपन्या आल्या, डोंगर तेवढा राहिला. त्यावर पोरांनी उतरायची वाट काढली. सगळी दगडाची, मुळांची, मधेमधे उड्या. वरून एकेकाला सोडतात. पुढचा सुटला की थोडा वेळ थांबून मागचा. भांडण घड्याळाशी, एकमेकांशी नाही. पण मागचा तेजीत असला तर पुढच्याला गाठतोच, आणि वाट तर एका सायकलीपुरती. म्हणून नियम आहे. मागच्यानं लांबूनच हाक द्यायची, कुठल्या बाजूनं काढणार तेही ओरडून सांगायचं. पुढच्यानं वळून बघायचं नाही, दचकायचं नाही. सरळ जात राहायचं, आणि पहिली मोकळी जागा आली की वाट द्यायची.

गेल्या वर्षी एका पोरानं हाक दिली नाही. अरुंद जागी घुसला. त्याचं हँडल नातीच्या हँडलला लागलं नि ती दगडावर गेली. उजव्या खांद्याचं हाड मोडलं, आत स्टीलची पट्टी बसवली. डॉक्टर म्हणाला, परत तिथंच मार बसला तर हात वर उचलता येईल याची खात्री मी देणार नाही. ती ऐरोलीला नोकरी करते, दिवसभर कॉम्प्युटरवर. बाप नाही तिला. म्हणजे होता, गेला. माझा मुलगा तो. माझ्यामागं घरात आता ती आणि तिची आई.

यंदा तिनं परत नाव दिलं. मी म्हटलं, जायचं नाही. ती म्हणाली, जाणार. मी जेवण सोडलं. तिनं माझ्यासमोर बसून सुकटीचं कालवण नि भाकरी खाल्ली, वर बोटं चाटली. दुसऱ्या दिवशी मीच जेवलो. काय करणार, रक्त माझंच.

शर्यतीच्या सकाळी चिठ्ठ्या टाकून नंबर काढले. नातीच्या बरोबर मागं नाव आलं त्याच पोराचं.

मी तडक गेलो शर्यत भरवणाऱ्याकडं. "चिठ्ठ्या परत टाका."

"आजोबा, असं नाही होत. सगळ्यांसमोर काढल्यात."

"मग त्याला आधी सोडा. जो जोरात तो पुढं, साधी गोष्ट हाय. बैलालापन कळंल."

"एकाला बदललं की सगळे येतील. टेन्शन घेऊ नका, प्रत्येक वळणावर मार्शल आहेत. कोणी पडलं तर लगेच लाल झेंडा. मागचा जागेवर थांबतो."

पडल्यावर झेंडा. पडल्यावर!

मग मी त्या पोराकडं गेलो. आयुष्यात मी कोणाला वाट मागितली नाही. बैलांच्या शर्यतीत गाडी हाकायचो तेव्हा पुढच्याच्या चाकाला चाक घासून बाहेर काढायचो, आणि लोक खांद्यावर घेऊन नाचायचे. त्या दिवशी मी त्या एवढ्याशा पोरापुढं हात जोडले. तो गुडघ्याला पॅड बांधत होता.

"बाळा, हाक दे. तिच्या खांद्यात पट्टी हाय."

त्यानं वर बघितलं. "देईन ना आजोबा." नुसतं तेवढंच. माझ्याकडं नीट बघेना. शरमेनं की घाईनं, मला कळलं नाही.

नात मागंच उभी होती. हेल्मेट काखेत. तोंड लाल.

"आजा, तू त्याच्या पाया पडलास?"

"पाया नाय पडलो."

"हात जोडलेस. सगल्यांनी बघितलं. मी काय लुळी हाय का?" मग जवळ आली, आवाज खाली घेतला. "एक कर आता माझ्यासाठी. वलनावर उभा रहा, पन तोंड उघडू नको. कडेचे लोक 'डावी, उजवी' बोंबलतात, मना वाटतं मागचाच ओरडला. गेल्या टायमाला प्रॅक्टिसला तशीच फसले. तुझा आवाज तर हेल्मेटातनंपन येतो."

"बरं," म्हटलं.

"बरं नाय. शपथ."

घेतली. तिच्या बापाची.

मी दगडांच्या वळणाशी, वाटेच्या कडेनं बांधलेल्या टेपच्या बाहेर उभा राहिलो. शेजारी पिवळ्या जाकिटातली एक बाई, मार्शल, हातात झेंडा नि वॉकीटॉकी. मी गळ्यातला पंचा तोंडात कोंबला. बाई म्हणाली, "आजोबा, बरं वाटत नाही का?" मी मान हलवली.

नात दिसली. छान येत होती, ढुंगण मागं, कोपर बाहेर. आणि तिच्या मागं, इतक्या लवकर, तो. उतारावरून दगड सुटावा तसा. अंतर बघता बघता अर्धं झालं. हाक नाही. मी पंचा चावला. ती माझ्यासमोर आली, तो दोन सायकलींएवढ्या अंतरावर मागं. अजून हाक नाही. घशात "बाजूला हो, बाय!" असं तयार होऊन उभं होतं. एकदा ओरडलो तर ती वळून बघणार. नाही ओरडलो तर तो घुसणार. आपलं माणूस डोळ्यासमोर मरतंय नि आपणच आपलं तोंड दाबून धरलंय, असं झालं.

तेवढ्यात, "रायडर! उजवीनं!"

दिली. हाक दिली. पण माझी पोर आखडली. खांदे वर गेले, मला लांबून दिसलं. दगड संपून सपाट जागा आली, वाट द्यायची जागा तीच होती, तिथं ती सरकलीच नाही. तशीच पुढं गेली. तो परत ओरडला, "उजवीनं! उजवीनं!" दोघं वळणाआड गेली.

मग ब्रेकचा आवाज. खडी घसरली. मग काही नाही.

मी पंचा ओढून काढला नि टेपखालून निघालो. बाईनं दंड धरला. "आत नाही, वरून आणखी एक येतोय."

"येऊ दे!"

"तुम्ही आत गेलात तर तोही पडेल, तुम्हीही."

"झेंडा दाखवा ना मग! काय बघताय?"

"खालून सांगितल्याशिवाय नाही."

वरून सुटलेला आला, समोरून गेला. धूळ माझ्या तोंडात. म्हणजे वाट मोकळी, एवढं मला समजायला हवं होतं. समजलं नाही. मला फक्त तो खांदा दिसत होता. बाई वॉकीटॉकीत बोलली, खरखर झाली, काहीतरी उत्तर आलं.

"पोचली आजोबा. खाली पोचली. थांबली होती, त्याला जाऊ दिलं, मग गेली."

"परत विचारा."

"अहो, पोचली."

"हात वर करायला सांगा तिला. उजवा. विचारा, वर जातो का."

बाईनं माझ्याकडं बघितलं, आणि खरंच विचारलं. खरखर. मी त्या काळ्या डब्याला कान लावून उभा होतो. खालून कोणीतरी हसत म्हणालं, वर केलाय, आणि ती शिव्या घालतेय.

"कोनाला?"

"तुम्हाला," बाई म्हणाली.

मी तिथंच खाली बसलो.